रविवारी दात बंद

रामदासपेठेत दवाखान्यांच्या पाट्या इतक्या आहेत की माणूस कुठल्याही अवयवाचं दुखणं घेऊन आला तरी त्याला रस्ता ओलांडावा लागत नाही. त्यांतल्याच एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, दाताच्या डॉक्टरांच्या दाराशी, वेळ सांगणाऱ्या पाटीखाली हाताने रंगवलेली आणखी एक छोटी पाटी होती : ‘रविवारी दात बंद’. ‘दवाखाना बंद’ असं त्यांना लिहिता येत नव्हतं, कारण दवाखाना बंद नसायचाच. रविवारी दुपारी तिथे लढाया व्हायच्या.

मी पहिल्यांदा गेलो तो साध्या दिवशी, दाढेचं रूट कॅनल करायला. खुर्चीत आडवा पडून, तोंड उघडं ठेवून मी समोरच्या काचेच्या कपाटाकडे बघत होतो. वरच्या फळीवर प्लास्टरचे जबडे होते, ते ठीक. खालच्या सगळ्या फळ्यांवर मात्र अंगठ्याएवढे सैनिक उभे होते. भाले घेतलेले, घोड्यावर बसलेले, नुसत्या हाडांचे, लांब कानांचे. आणि सगळ्यात खाली एक पलटण होती ती अजून रंगवलेली नव्हती, पूर्ण गुलाबी. कवळीच्या हिरड्या ज्या गुलाबी ॲक्रिलिकच्या करतात, त्याच मालातून डॉक्टरांनी ती घडवली होती.

मी बोटाने कपाटाकडे खूण केली.

“सैनिक आहेत,” डॉक्टर म्हणाले. “तोंड नको मिटू. कोणती फौज आवडली तुले?”

मी पंखवाल्या ड्रॅगनांकडे बोट दाखवलं.

“पंख असलेलं काहीच तुले पहिल्या वर्षी भेटणार नाही,” असं म्हणून त्यांनी ड्रिल सुरू केलं आणि पुढचा अर्धा तास नवशिक्याने फौज कशी निवडावी यावर व्याख्यान दिलं. माणसाला काही समजावून सांगायचं तर त्याचं तोंड उघडं असतानाच सांगावं, मिटलं की तो वाद घालतो, असं त्यांचं मत होतं. शहरातल्या कितीतरी लोकांना अशा रीतीने, काही न विचारता, घोडदळाचे तोटे माहीत झाले होते.

खेळ असा की मोठ्या टेबलावर डोंगर, नदी, पूल, झाडी मांडायची. दोघांनी आपापली फौज दोन टोकांना उभी करायची. आळीपाळीने सैनिक पुढे न्यायचे, किती पुढे ते शिंप्याच्या टेपने मोजायचं, आणि भिडले की फासे टाकून कोण मेलं ते ठरवायचं. प्रत्येक फौजेचा स्वभाव वेगळा. कोणी लांबून बाण मारतं, कोणी धावून जातं, कोणी नुसतंच संख्येने जास्त असतं. विलायतेत या फौजांना मोठमोठी नावं आहेत. डॉक्टरांनी त्यांची बुटके, लांबकाने, घोडेवाले, हाडके आणि उंदरं अशी सोय करून टाकली होती. टेबलावरच्या नदीला ते जवळच्या खऱ्या नदीवरून कन्हान म्हणायचे, आणि तिच्या काठाला खापा. बाणांच्या टप्प्यात कोणी आलं की म्हणायचे, “खाप्याच्या इकडे आला रे, आता मरते.”

सैनिक मेला की ते ‘मेला’ म्हणत नसत. “हा हलून राहिला, काढा लागेन,” असं हळू आवाजात म्हणून चिमट्याने त्याला उचलायचे आणि स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवायचे. ट्रेमध्ये टण्ण असा आवाज झाला की मला माझी दाढ आठवायची.

“खेळणी आहेत का हो ही?” असं कोणी पेशंट विचारायचा. बाकीचे लोक असल्या प्रश्नाने चिडतात. डॉक्टर शांतपणे म्हणायचे, “हो, खेळणीच. तुम्ही काहून सोडलं खेळणं?” पेशंट विचारात पडायचा. काहीजण त्याच विचारात फी द्यायचं विसरून जायचे.

फौज मात्र कोणालाच स्वतःच्या पसंतीने मिळायची नाही. आधी तपासणी व्हायची, आणि ती तर्री-पोह्याच्या ठेल्यावर. माझीही झाली. डॉक्टर स्वतः काही न खाता, कमरेवर हात ठेवून माझ्या प्लेटकडे बघत उभे होते. मी आधी सगळी तर्री, म्हणजे हरभऱ्याचा तो तिखट रस्सा, ओतून घेतली, मग तिखट लागलं म्हणून कोरडे पोहे मागितले, मग ते कोरडे झाले म्हणून पुन्हा तर्री.

“झालं,” ते म्हणाले. “तू आधी करतोस, मंग विचार करतोस. तुले बुटके.”

बुटके म्हणजे दाढीवाले, ठेंगणे, अंगभर लोखंड घातलेले. मारता मरत नाहीत आणि हलवता हलत नाहीत. माझा जीव लांबकान्यांवर होता. हिरवे झगे, चांदीचे बाण, बारीक कमरा. मी तसं सांगितलं.

“दिसायले सुंदर आहेत, माहीत आहे मले,” डॉक्टर म्हणाले. “पण ते एक चूक झाली की संपतात. नवीन माणसाले ती फौज नाही, परीक्षा होते. बुटक्यांचं कसं आहे, ते पळूच शकत नाही. म्हणून तू मूर्खपणा केला तरी तो फार दूर जात नाही. पहिली फौज आवडीची नाही घेत गा माणूस. माफ करणारी घेते.”

हे मला तेव्हा पटलं नाही. पण बुटक्यांनी मला खरोखर खूप माफ केलं. पहिल्या सहा महिन्यांत मी त्यांना नदीत उतरवलं, डोंगराला धडकवलं, एकदा तर त्यांची तोंडं चुकून शत्रूच्या उलट्या दिशेला करून ठेवली. तरीही संध्याकाळी त्यांच्यातले चार-दोन उभेच असायचे.

इतकं ज्ञान असलेला माणूस स्वतः कधी जिंकत कसा नाही, हे मला बरेच दिवस कोडं होतं. मग एकदा धंतोलीचे एक बिल्डर आले. परदेशातून रंगवून मागवलेली फौज त्यांनी पेटीतून काढली तेव्हा डॉक्टरांनी डोळ्यांना भिंग लावून एकेक सैनिक पाहिला आणि अगदी मनापासून वाखाणला. सामना सुरू झाला. बिल्डरांनी पुढे न्यायला हत्ती उचलला. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर कळ उमटली. “तिकडे नका नेऊ,” ते म्हणाले, “तिकडे माझे भालेवाले लपून आहेत.” बिल्डरांनी हत्ती दुसरीकडे ठेवला. मग ते तिरंदाज चुकीच्या जागी ठेवायला गेले. डॉक्टरांनी दोन मिनिटं ओठ दाबून धरले, पण नाही राहवलं. “त्या टेकडीवर ठेवा, तिथून मी दिसतो.” असं करत करत त्यांनी स्वतःची फौज स्वतःच कापून काढली. बिल्डर आपण मोठे सेनापती आहोत अशा समजुतीने घरी गेले आणि पुन्हा कधी आले नाहीत. डॉक्टर आठवडाभर हळहळत होते. हरल्याबद्दल नव्हे. “त्याचा पाया कच्चा राहिला,” म्हणायचे.

दुसऱ्याची चाल चुकताना बघणं त्यांना शक्यच नव्हतं. कोणाच्या किडक्या दाताकडे बघून गप्प बसणं जसं त्यांना जमत नसे, तसंच ते.

डॉक्टरांच्या बायकोने, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या काकूंनी, हे सगळं फार पूर्वी मान्य केलं होतं. दवाखान्याला लागूनच असलेल्या त्यांच्या घरी जेवायच्या टेबलावर कधीच जेवण झालं नाही, कारण तिथे सैनिक वाळत असायचे. काकू भिंतीला टेकून, ताट मांडीवर घेऊन जेवायच्या आणि पाहुण्यांना सांगायच्या, “उंदरांचे डोळे माझ्या नेलपेंटचे आहेत बरं का.” सांगताना चेहरा तक्रारीचा असायचा, पण आवाजात अभिमान असायचा.

आता रेणुकाबद्दल सांगायला हवं. आम्ही दोघं एका विमा कंपनीच्या ऑफिसात होतो. लग्न करायचं आमचं ठरलं होतं, माझ्या घरी चालणार होतं, तिच्या घरी अजून ठरत होतं. तिचे बाबा काटोलचे संत्र्याचे मोठे व्यापारी. त्यांना कोणीतरी सांगितलं की मुलगा तसा बरा आहे, पण दर रविवारी दुपारी रामदासपेठेत एका बंद दवाखान्यात जाऊन फासे टाकतो. ऐकीव असलं तरी यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, हीच पंचाईत होती.

एका रविवारी मी बुटके मांडत असताना रेणुकाचा फोन आला. “बाबा सकाळच्या बसने निघालेत. मला न सांगता. तिथेच येताहेत बहुतेक. तू काहीही कर, पण फासे लपव.”

मी फासे उचलून कापसाच्या बोळ्यांच्या डब्यात कोंबले. डॉक्टर आतून आले.

“फासे कुठं गेले?”

“डॉक्टर, आज आपण जरा नुसतंच बसू.”

“नुसतं काहून बसायचं?” असं म्हणून त्यांनी डबा उघडला. त्यांना सवयीने कापूस हवा होता आणि त्यांच्या हाती फासे लागले. त्यांनी ते टेबलावर टाकून पाहिले आणि नेमक्या त्याच क्षणी दारात रेणुकाचे बाबा उभे राहिले. पांढरा सदरा, पांढरी पँट, हातात संत्र्यांची पिशवी. पोरीच्या होणाऱ्या नवऱ्याला जुगार खेळताना पकडायला निघालेल्या माणसानेही रिकाम्या हाताने येणं त्यांना बरं वाटलं नसावं.

“अस्सं,” ते म्हणाले. “खरंच हाय म्हणजे.”

मी उठून उभा राहिलो. डॉक्टरांना मात्र हे कोण, कशाला आले, काही माहीत नव्हतं आणि विचारावंसंही वाटलं नाही. रविवारी दार उघडून जो आत येईल तो शिकायला आलेला, एवढंच त्यांना ठाऊक.

“या, बसा. याच्या आधी कोणती फौज घेतली होती का?”

“फौज?” रेणुकाचे बाबा टेबलाजवळ आले. त्यांनी वाकून टेबलाखाली पाहिलं. “पैसे कुठी लावता?”

“पैसे सैनिक घ्यायले लागतात. त्याच्यानंतर निसता वेळ जाते.”

“मंग जिंकणाऱ्याले काय भेटते?”

डॉक्टर विचारात पडले. त्यांना जिंकायचा फारसा अनुभव नव्हता. “काकू चहा देतात,” ते शेवटी म्हणाले. “पण तो सगळ्यांनाच देतात.”

मी मधे पडलो. “डॉक्टर, हे रेणुकाचे बाबा.”

“बरं झालं,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी रेणुकाच्या बाबांकडे आपादमस्तक पाहिलं. आवळलेला जबडा, कपाळावरची शीर, पिशवी पकडलेली मूठ. पोह्यांची गरज पडली नाही. “हे रागीट आहेत,” ते मला म्हणाले, जणू बाबा तिथे नव्हतेच. “रागीट माणसाले कधी घोडे देऊ नये. यायले बुटके दे.”

“ते माझे आहेत.”

“तू आता नवशिक्या राहिला का? तू लांबकाने घे आज.”

ज्या फौजेसाठी मी दोन वर्षं झुरत होतो ती अशी हातात आली, आणि तीही होणाऱ्या सासऱ्यांच्या विरुद्ध.

रेणुकाचे बाबा खरं तर मला बाहेर घेऊन जाऊन चार शब्द सुनवायला आले होते. पण ते व्यापारी होते, आणि समोर मांडलेला माल हाताळून बघितल्याशिवाय त्यांना राहवेना. त्यांनी एक बुटका उचलला, वजन पाहिलं, दाढीवरून अंगठा फिरवला. “काम बारीक हाय,” म्हणाले. मग खुर्ची ओढून बसले. “दाखवा बरं, कसं करता ते. मले समजलं पाहिजे पोट्टा कशात हाय.”

सुरुवातीला ते सैनिक दोन बोटांत, किळस आल्यासारखे धरत होते. माझ्या बाणांनी त्यांचे दोन बुटके पडले आणि डॉक्टरांनी ते ट्रेमध्ये टाकले, तेव्हा टण्ण आवाजावर त्यांनी मान वर केली. “मेले?” त्यांनी विचारलं. “काढले,” डॉक्टर म्हणाले. रेणुकाच्या बाबांनी सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या. त्यानंतर ते खुर्चीत बसले नाहीत.

डॉक्टर अर्थातच त्यांच्या बाजूने बोलत होते, नवीन खेळाडू म्हणून. “पुलावर उभे राहा. पुढं नका जाऊ. येऊ द्या त्याले.” रेणुकाचे बाबा ऐकत नव्हते. ते रागाने पुढे जायचे आणि मार खायचे, पण बुटके काही संपत नव्हते. चिलखताला लागून बाण वाया जायचे. हळूहळू ते थांबायला लागले. पूल धरून बसले. काकूंनी आणलेला चहा थंड झाला.

आणि तेव्हा मला दिसलं की मी जिंकतोय. उजवीकडची टेकडी मोकळी होती. तिथे माझे तिरंदाज गेले असते तर पुलावरचे सगळे बुटके उघडे पडत होते. मी हात पुढे केला आणि मला रेणुका दिसली, तिच्या आईचा चेहरा दिसला, काटोलचं ते घर दिसलं जिथे मला अजून चहाला बोलावलेलं नव्हतं. मी तिरंदाज टेकडीवर नेले नाहीत. सरळ पुलावर, बुटक्यांच्या कुऱ्हाडीखाली नेऊन ठेवले.

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर ती ओळखीची कळ उमटली. मी त्यांना डोळ्यांनी विनवलं. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदाच ते एखाद्या चुकीवर गप्प बसले असते तर बरं झालं असतं.

“हे काय करून राहिला तू?” ते म्हणाले. “मुद्दाम हरून राहिला का?”

रेणुकाच्या बाबांनी हातातले फासे खाली ठेवले.

“मुद्दाम?” त्यांनी मला विचारलं.

मी पुलावरचे तिरंदाज उगाच सरळ करायला लागलो.

“काहून?”

“काका, तुम्ही पहिल्यांदा आलात...”

“मी लहान लेकरू हाव का?” ते शांतपणे बोलत होते आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. “तिकडे मी पोरगी द्याचा विचार करून राहिलो, अन् हा मले खुश करून राहिला. आज मले खुश करते, उद्या तिले खुश करीन. मंग खरं काय ते आमाले कधी समजन?”

त्यांनी पिशवीकडे हात नेला. मला वाटलं, संपलं. डॉक्टरांनी चिमटा उचलला, माझे तिरंदाज एकेक करून पुलावरून काढले आणि त्यांच्या जुन्या जागी परत ठेवले. चाल परत घेऊ देणं हा त्यांच्या टेबलावर गुन्हा होता. एकदा ठेवलेला सैनिक ठेवला. खुद्द काकूंनाही कधी सूट मिळाली नव्हती.

“बसा,” ते रेणुकाच्या बाबांना म्हणाले. “याने चूक केली. याले ती नीट करू द्या. अन् तू,” माझ्याकडे वळून, “खेळ आता.”

रेणुकाचे बाबा उभेच राहिले, पण गेले नाहीत. मी तिरंदाज टेकडीवर नेले. फासे टाकले. बुटके पडायला लागले, एकामागून एक, आणि डॉक्टर ट्रेमध्ये त्यांना ठेवत गेले. कोणी कोणाला काही सांगत नव्हतं. डॉक्टरसुद्धा नाही. शेवटी पुलावर दाढीवाला एकच बुटका उरला. त्याने माझे तीन हल्ले सोसले आणि चौथ्यात गेला.

“हारलो,” रेणुकाचे बाबा म्हणाले. खुर्चीत बसले. थंड चहा एका घोटात प्यायले. मग बोटाने टेबलाची उजवी बाजू दाखवली. “ती टेकडी मी सोडाले नोको होती.”

“नव्हतीच सोडायले पाहिजे,” डॉक्टर म्हणाले.

“पुढच्या टायमाले मले ते घोडे द्या.”

“नाही देत.”

“काहून?”

“तुम्ही अजून बुटक्यांचेच नाही झाले.”

त्यावर दोघांची जी जुंपली ती संध्याकाळच्या बसपर्यंत. घोडे रागीट माणसाला चालतात की नाही यावर रेणुकाचे बाबा बैलांचे, टांग्यांचे आणि स्वतःच्या थोरल्या भावाचे दाखले देत होते, डॉक्टर मान हलवत होते. माझा विषय पुन्हा निघाला नाही. बसस्टँडवर मी त्यांना सोडायला गेलो तेव्हा खिडकीतून त्यांनी एवढंच विचारलं, “पुढच्या रविवारी उघडं असते ना ते?” आणि मग, बस सुटताना, “तुह्या बाबाले घेऊन ये एखाद्या दिवशी. लग्नाचं बोलाले.”

लग्नानंतर माझे सासरे दर रविवारी काटोलहून यायचे. येताना आम्हाला भेटायचे असं नाही, पण दवाखान्यात हमखास. घोडे त्यांना कधीच मिळाले नाहीत.

मग डॉक्टरांचा उजवा हात थरथरायला लागला. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. आधी नवीन पेशंट घेणं थांबवलं, मग जुनेही दुसऱ्यांकडे पाठवायला लागले. रंगवायला घेतलेले सैनिक अर्धे राहायला लागले. आम्ही सगळे ते बघत होतो आणि दुसरीकडे बघत होतो. शेवटी त्यांनी दवाखाना बंद करून बंगळुरूला मुलीकडे जायचं ठरवलं. फौजा वाटायला काढल्या. माझे सासरे त्या दिवशी आले होते.

“सोबत एकच पेटी नेता येते,” डॉक्टर आम्हाला म्हणाले. कपाट जवळजवळ रिकामं झालं होतं. “तिकडे कोणी ओळखीचं नाही. परत पहिल्यापासून सुरू करा लागेन. कोणती नेऊ?”

त्यांनी आम्हाला सल्ला विचारला होता. मी लांबकान्यांचं नाव घेणार होतो, ते सगळ्यात सुंदर म्हणून.

“डॉक्टर,” माझे सासरे म्हणाले, “तुमचा हात हलते.”

काकूंनी मान खाली घातली. हे वाक्य त्या घरात कोणीच उच्चारलं नव्हतं.

“हलते,” डॉक्टर म्हणाले.

“मंग बारीक कामाचं नेऊ नका. त्यात चूक झाली की तुम्हाले झोप येणार नाही. ते राक्षस मागवा, तुमच्या फौजांच्या पुस्तकात आहेत ते, हे एवढाले. दहा-बारा झाले की फौज होते. मोठा ब्रश चालते. एखादा दाग इकडे तिकडे झाला, तरी राक्षसच तो, त्याले कोन विचारते?”

राक्षसांना डॉक्टर आळशी लोकांची फौज म्हणायचे. मला वाटलं, आता वाद होणार. त्यांनी डाव्या हाताने उजवा हात धरला आणि म्हणाले, “मागवतो.”

बंगळुरूहून त्यांचा पहिला फोन आला तो मला नाही, काटोलला आला. आम्ही तेव्हा तिथेच होतो, सासऱ्यांनी तो स्पीकरवर ठेवला म्हणून आम्हालाही ऐकू आला.

“एक राक्षस झाला,” डॉक्टर सांगत होते. “नाक बिघडलं त्याचं. दुसरा घेतला आहे.”